घराचे वासे

आपल्या अंगात या क्षणी, हा परिच्छेद वाचून संपेपर्यंत, लाखो वाटण्या होऊन जातात आणि त्यांतल्या एकीचाही आवाज बाहेर येत नाही. हाडांच्या पोकळीतल्या मगजात, आतड्याच्या अस्तरात, केसांच्या मुळाशी, कातडीच्या तळच्या थरात एकेक पेशी आपलं भरलं घर मोडते, त्याची दोन घरं करते, आणि दोन्हींकडे वडिलार्जित ठेवा सारखाच पोचतो. माणसाच्या पेशीत हा ठेवा ४६ गुणसूत्रांचा. वाटणीच्या आधी प्रत्येक गुणसूत्राची दुसरी प्रत तयार करून ठेवलेली असते, त्यामुळे दोघींनाही पुरत्या ४६ मिळतात. प्रत्यक्ष वाटप साधारण तासाभरात आटोपतं. तलाठी नाही, मोजणीचा अर्ज नाही, पंच नाहीत, आणि पंचांसाठी चहा करून कंटाळलेली धाकटी सूनही नाही. जीवशास्त्राचा माणूस हे वाचून मान डोलावील आणि पान उलटील. मला मात्र तिथेच रेंगाळावंसं वाटतं, कारण मी कोकणातल्या एका घराण्यातला आहे आणि वाटणी ही काय चीज असते ते मला ठाऊक आहे.

आमच्या आजोबांची आणि त्यांच्या भावांची वाटणी माझ्या जन्माआधीची. पण ती घरात इतक्यांदा सांगितली गेली की कधी कधी मला वाटतं, त्या दिवशी ओटीच्या कठड्याला टेकून मीही उभा होतो. तांब्याचा बंब थोरल्यांकडे गेला आणि त्याची तोटी मधल्यांकडे. कशी गेली ते कुणालाच नीट सांगता येत नाही, पण पुढे बरीच वर्षं थोरल्यांच्या घरात बंबाला बुचाच्या जागी लाकडी खुंटी होती आणि मधल्यांच्या घरात देवघराच्या फडताळात चकचकीत घासलेली तोटी. कुंपण घातलं तेव्हा फणसाचं खोड एका बाजूला राहिलं आणि फांद्या दुसऱ्या बाजूला झुकल्या. फणस खोडालाच धरत असल्यामुळे फांद्यांचे मालक झालेल्या आजोबांना जन्मभर पाचोळा मिळाला. त्यांनी तो कधी नाकारला नाही. रोज सकाळी ते मालकी हक्काने तो झाडून काढत.

तर पेशी. शाळेत आम्हाला पेशी काढायला सांगत तेव्हा आम्ही एक वर्तुळ काढायचो, त्यात एक लहान वर्तुळ, आणि उरलेल्या जागेत ठिपके. आत एक पातळसर रस आहे आणि त्यात सगळं तरंगतंय, अशी समजूत. त्या गोळ्याला आकार कशाने येतो, तो ओघळून का जात नाही, हा प्रश्न कुणी विचारला नाही; चित्राला गुण मिळत होते. विज्ञानालाही आतला सांगाडा नीट दिसायला फार वेळ लागला, आणि त्याचं कारण मोठं गमतीचं आहे. या सांगाड्यातल्या मुख्य वाशांना, म्हणजे सूक्ष्मनलिकांना, थंडी सोसत नाही. गारठा लागला की त्या विरघळून जातात. आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या पेशी शास्त्रज्ञ मोठ्या काळजीने थंड ठेवूनच मुरवत असत. म्हणजे घर पाहायला जाणारा प्रत्येक पाहुणा आधी घराचे वासे विरघळवून मग आत शिरायचा आणि परत येऊन सांगायचा, आत काही विशेष नाही. १९६३ मध्ये ग्लुटाराल्डिहाइड नावाचं, गारठ्याची गरज नसलेलं रसायन हाताशी आलं आणि मग जिथे तिथे या नळ्या दिसू लागल्या.

वासे तीन जातींचे. सर्वांत बारीक अ‍ॅक्टिनचे, सुमारे सात नॅनोमीटर जाडीचे. ते पेशीच्या कडेकडेने जाळं विणतात. मधले दहाएक नॅनोमीटरचे, चिवट. आपल्या केसांत आणि नखांत जे केराटिन असतं ते याच कुळातलं. आणि थोराड त्या सूक्ष्मनलिका. थोराड म्हणजे पंचवीस नॅनोमीटर, एका केसाच्या जाडीत शेजारी शेजारी दोन-तीन हजार सहज मावतील इतक्या. ट्यूब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या जोड्या एकीवर एक रचून एक सर होतो आणि बहुधा असे तेरा सर कडेला कडा लावून गोल उभे राहिले की नळी. या नळ्यांवरून मालवाहू प्रथिनं चालतात. काइनेसिन नावाचं एक आठ नॅनोमीटरचं पाऊल टाकत बहुतेक वेळा बाहेरच्या दिशेला जातं, डायनिन त्याच्या उलट. दोघांनी एकाच गाठोड्याला हात घातला की रस्सीखेच होते. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या रस्सीखेचीवर फार सुंदर काम झालेलं आहे. मुंबईत आणि तेही कुलाब्याच्या टोकाला, जिथे शहरातलं सगळं ओझं अखेर येऊन थांबतं, तिथे हे व्हावं याचं मला बरं वाटतं.

इथवर ऐकलं की वाटतं, चला, घर मजबूत आहे. पण १९८४ मध्ये टिम मिचिसन आणि मार्क कर्शनर या दोघांनी जे दाखवलं त्याने मजबुतीची ही कल्पनाच डळमळते. सूक्ष्मनलिका स्थिर नसतातच. एक टोक वाढत जातं, वाढत जातं, आणि मग काही पूर्वसूचना न देता ते ढासळू लागतं, सगळे सर केळीच्या सोपटासारखे बाहेर वळून सुटत जातात. कधी अर्ध्यावर सावरतं आणि पुन्हा वाढू लागतं. शेजारची नळी त्याच वेळी निवांत वाढत असते. शास्त्रज्ञांनी या कोसळण्याला चक्क आपत्ती असं नाव दिलं आहे आणि सावरण्याला बचाव. एरवी विशेषणांना भिणारी ही मंडळी इथे एकदम शोकांतिकेची भाषा बोलू लागतात. एका साध्या पेशीतल्या नळीचं आयुष्य काही मिनिटांचं; विभाजनाच्या वेळी तर पुष्कळदा मिनिटभराचंही नाही. आपण ताठ कण्याची वगैरे बढाई मारतो तेव्हा आत, सर्वांत खालच्या पातळीवर, अशी अखंड पडझड चाललेली असते.

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, असं आपल्याकडे म्हणतात, आणि ते बहुधा सुस्कारा टाकून म्हणतात. पेशीने ही म्हण अक्षरशः अंमलात आणली आहे, तीही सुस्काऱ्यावाचून. विभाजनाची वेळ आली की ती आपले सूक्ष्मनलिकांचे वासे उतरवते. पसरट पेशी गोल होते. आणि उतरवलेल्या त्याच ट्यूब्युलिनमधून ती वाटणीचे दोर वळते, ज्यांना पुस्तकात तर्कुतंतू म्हणतात. जे लाकूड काल घर तोलून धरत होतं तेच आज घराचे दोन भाग करायला कामाला लागतं. आमच्या घराण्यात वाटणीसाठी निदान वकील तरी बाहेरून आणला होता.

हे दोर कुठून सुटायचे ते ठरवणारी एक जोडगोळी प्राण्यांच्या पेशीत असते, तारककेंद्रांची. विभाजनाआधी तिची दुप्पट होते आणि एकेक जोडी पेशीच्या एकेका टोकाला जाऊन बसते. तिच्याभोवतीच्या पसाऱ्यासकट या ठाण्याला सेंट्रोसोम हे नाव थिओडोर बोव्हेरी या जर्मन शास्त्रज्ञाने १८८८ मध्ये दिलं. घोड्याच्या आतड्यातल्या जंतांच्या अंड्यांत त्याला ते दिसलं होतं. तारककेंद्राची आतली रचना दिसायला मात्र १९५० च्या दशकातला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यावा लागला, आणि ती पाहून मी तरी हात जोडले. अर्धा मायक्रोमीटर उंचीचं एक पिंप. त्याच्या भिंतीत गोलाकार नऊ खांब. आणि प्रत्येक खांब तीन-तीन नळ्यांचा. नवत्रिक सत्तावीस. म्हणजे आपली सत्तावीस नक्षत्रं! प्रत्येक राशीला सव्वादोन नक्षत्रं आणि प्रत्येक पेशीला... इथे मी थांबतो. ही गोष्ट एकदा कुणाच्या मोबाइलमध्ये शिरली की दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला ती सुप्रभातसह माझ्याकडेच परत येईल आणि आपल्या पूर्वजांना सारं ठाऊक होतं असं मला सांगेल. नऊच का, याचं बरंचसं उत्तर एका प्रथिनाच्या वळणात आहे. त्याच्या जोड्या अशा कोनात एकमेकींना धरतात की नवव्या जोडीला वर्तुळ पुरं होतं. पूर्वजांकडे बोट दाखवायचंच तर ते फार फार मागे, एकपेशीय पूर्वजांकडे दाखवावं लागेल.

बरं, ही जोडगोळी आपल्याला मिळते कुणाकडून? तंतुकणिका आईकडून येतात, हे आता पुष्कळांना माहीत असतं. तारककेंद्रं माणसात वडिलांकडून येतात. अंडपेशी स्वतःची आधीच मोडीत काढते. शुक्रपेशी येताना आपली घेऊन येते, आणि पहिल्या वाटणीचा खुंटा तिथे रोवला जातो. वडिलांनी मला काय दिलं याचा हिशोब मी आयुष्याच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर मांडला आहे. एक मनगटी घड्याळ, जरा मोठं नाक, आणि वादाच्या ऐन भरात चष्मा पुसायला घेण्याची सवय. त्या यादीत ही एक नोंद राहून गेली होती. त्यांनाही ती ठाऊक नव्हती, नाहीतर कधीतरी बोलण्यात आणलीच असती.

जुनं तारककेंद्र आणि नवं तारककेंद्र यांत थोरलं-धाकटं असा भेद असतो, आणि मूळ पेशीत कोण राहणार, घर सोडून कोण जाणार हेही काही ठिकाणी ठरलेलं असतं. फळमाशीच्या नराच्या बीजपेशींत थोरलं घरी राहतं. त्याच माशीच्या मेंदू घडवणाऱ्या पेशींत मात्र धाकटं घरी राहतं आणि थोरलं बाहेर पडतं. एकाच माशीच्या पोटात आणि डोक्यात असे दोन वेगळे कुळाचार. म्हातारपणी आईवडिलांनी थोरल्याकडे राहावं की धाकट्याकडे, यावर निसर्गाचा दाखला शोधणाऱ्यांनी माशी टाळावी हे बरं.

आणि या सगळ्या रुबाबानंतर कळतं की तारककेंद्राविनाही चालतं. महाविद्यालयात आम्ही कांद्याचं मूळ रंगवून काचेखाली चिरडत असू, ते विभाजन पाहायला. त्या कांद्याच्या पेशीत तारककेंद्र नसतंच. फुलं येणाऱ्या कुठल्याच झाडात नसतं. तरी दोर वळले जातात, सोळाच्या सोळा गुणसूत्रं नीट वाटली जातात. २००६ मध्ये तर केंब्रिजच्या संशोधकांनी तारककेंद्र बनवण्याची क्षमताच नसलेल्या फळमाश्या पाहिल्या. त्या वाढल्या, कोशातून बाहेर आल्या, दिसायला जवळपास इतरांसारख्याच. आणि बाहेर आल्यावर लवकरच मेल्या, पण विभाजन अडल्यामुळे नव्हे. तारककेंद्रापासून ज्या सूक्ष्म केसाळ संवेदना-तारा फुटतात त्या नसल्यामुळे त्यांना आपलं अंग कुठे आहे तेच उमगत नव्हतं. ज्याला आपण वाटणीचा कारभारी समजत होतो तो जन्मभर दुसऱ्याच कामासाठी लागत होता. असे कारभारी मी पाहिले आहेत.

कारभारी नसण्यापेक्षा जास्त असणं वाईट, हेही बोव्हेरीनेच दाखवलं. नेपल्सच्या समुद्रकाठच्या प्रयोगशाळेत त्याने समुद्री साळिंदराच्या एकेका अंड्यात दोन-दोन शुक्रपेशी शिरू दिल्या. दोघांची दोन ठाणी, त्यांची झाली चार, आणि गुणसूत्रं चारी दिशांना ओढली गेली. कुणाला काय मिळेल याचा धरबंध राहिला नाही आणि बहुतेक गर्भ मेले. १९०२ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केलं. पुढे १९१४ मध्ये त्याने लिहिलं की कर्करोगाच्या गाठींच्या मुळाशी अशीच चुकलेली वाटणी असावी. बायको मार्सेला त्या प्रयोगांत सोबत होती. ती स्वतः जीवशास्त्रज्ञ. त्याच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी, १९२९ मध्ये, तिने ते पुस्तक इंग्रजीत आणलं.

चुकू नये म्हणून पेशी जी काळजी घेते ती मला सर्वांत लोभस वाटते. दोर अंधारात काठी फिरवल्यासारखे चारी दिशांना वाढत राहतात, मोडतात, पुन्हा वाढतात, आणि एखादा अवचित गुणसूत्राला जाऊन भिडतो. प्रत्येक जोडीला दोन्ही बाजूंचे दोर लागले की सगळ्या मध्यरेषेवर येऊन उभ्या राहतात. पण एक जरी राहिली, शेहेचाळीसांतली एक, कुठेतरी कोपऱ्यात भटकत असली, तर वाटणी थांबते. पंचेचाळीस जण ताटकळत उभे. कुणी म्हणत नाही की एकट्यासाठी किती थांबायचं. ती मागे राहिलेली सतत हाक मारत असते आणि ती हाक बंद होईपर्यंत कुणी हलत नाही. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी त्या उरलेल्या गुणसूत्रावरची दोर बांधायची जागाच लेझरने जाळून टाकली. हाक थांबली आणि पेशी पुढे निघाली. विज्ञानासाठी हे आवश्यक होतं हे मान्य. तरी मला वाचताना वाईट वाटलं. आमच्याकडेही एका चुलत्याची सही आफ्रिकेहून यायची राहिली होती. त्या एका सहीपायी मागल्या पडवीची वाटणी अजून झालेली नाही, आणि त्यामुळे उन्हाळ्यात सगळ्या घरांतली मुलं तिथेच झोपतात.

हे दोर खरोखर असतात की रसायनांत मुरवलेल्या मेलेल्या पेशीतले ते नुसते सुरकुत्यांचे भास, यावर बरीच वर्षं वाद होता. तो मिटवला शिन्या इनोऊए यांनी, आणि तो कशाने? महायुद्धानंतरच्या जपानमध्ये त्यांनी ध्रुवित प्रकाशाचा सूक्ष्मदर्शक स्वतःच जुळवला. त्याची बैठक एका टाकून दिलेल्या मशीनगनची आणि दिवा चहाच्या डब्यात बसवलेला. पुढे अमेरिकेत, १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, त्याहून सुधारलेल्या यंत्रातून त्यांनी जिवंत पेशीतले तंतू जगाला दाखवले. गारठ्यात ते नाहीसे होत आणि ऊब मिळताच परत येत. इनोऊए यांचे गुरू कात्सुमा दान. १९४५ मध्ये अमेरिकी सैन्य येणार तेव्हा मिसाकीच्या सागरी प्रयोगशाळेच्या दारावर दान यांनी एक चिठ्ठी लावली. शस्त्रं हवी तर मोडा, पण ही जागा आमच्या विद्यार्थ्यांसाठी राखा, अशी विनवणी. आणि नावाच्या जागी, शेवटी निघालेला, एवढंच. ती चिठ्ठी आज अमेरिकेतल्या वुड्स होलच्या संस्थेत जपून ठेवलेली आहे. याच दान यांनी १९५२ मध्ये डॅनिएल मेझिया यांच्याबरोबर साळिंदराच्या अंड्यांतून हा सगळा दोरखंडांचा पसारा सबंध बाहेर काढून दाखवला.

झाडांना हे सगळं आपल्याआधी ठाऊक असावं असा मला संशय आहे. पावसाळ्यात सह्याद्रीच्या उतारावर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी कळलावी घ्या. तिच्या कंदात कोल्चिसीन असतं, जहाल विष. ते ट्यूब्युलिनला चिकटतं आणि नळ्या रचूच देत नाही, म्हणून विभाजन मध्यावर अडतं. ट्यूब्युलिनचा शोधच मुळी कोल्चिसीन कुणाला चिकटतं ते शोधताना लागला. पॅसिफिक यू नावाच्या झाडाच्या सालीतलं टॅक्सॉल याच्या नेमकं उलट वागतं, ते नळ्या मोडूच देत नाही. १९७९ मध्ये सुझन हॉर्विट्झ यांनी हे दाखवलं. आणि परिणाम? तोच. पेशी अडते. वासे उभे राहिले नाहीत तरी मरण, आणि उतरले नाहीत तरी मरणच.

तिसरी सदाफुली. ती आपल्या अंगणात, कुंपणापाशी, फुटक्या बादलीत, कुणी लावली नाही तरी असते. तिच्यातलं व्हिंक्रिस्टिनही नळ्यांची रचना हाणून पाडतं, आणि लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर ते कित्येक दशकं वापरात आहे. आमच्या आत्याला लिम्फोमा झाला तेव्हा तिच्या शिरेतून हेच थेंब थेंब जात होतं. मी तिला सांगितलं की हे सदाफुलीतून येतं. तिने बराच वेळ बाटलीकडे पाहिलं आणि म्हणाली, "अरे, मग मी इतकी वर्षं काय फुकट पाणी घालत होते का तिला? थोडं तरी लक्षात ठेवलं असेल तिने." औषधाने गाठी विरल्या. पण मज्जातंतूंतही याच सूक्ष्मनलिका असतात, कण्यापासून पायाच्या बोटापर्यंतची सारी वाहतूक त्यांच्यावरून चालते, आणि औषध आपला-परका पाहत नाही. आत्याची बोटं बधिर झाली. वाती वळताना कापूस हातात आहे की सुटला ते तिला कळेना, म्हणून ती डोळ्यांनी बघून वळू लागली. तशा वळलेल्या वाती जरा जाड होत आणि समई जास्त वेळ तेवे. तेल फार जातं, अशी तिची तक्रार.

विभाजनाच्या अगदी शेवटी पेशीच्या कमरेभोवती अ‍ॅक्टिनचं एक कडं आवळत जातं. घराची दोन घरं होतात, पण लगेच सुटी होत नाहीत. मधे एक बारीक पूल राहतो, त्यात सूक्ष्मनलिकांची शेवटची जुडी आणि तिच्या मध्यावर एक गाठ. वाल्टर फ्लेमिंगने एकोणिसाव्या शतकातच ती पाहिली होती. लेकी तासन्‌तास तशाच जोडलेल्या राहतात, स्वल्पविराम देऊन पुढे न लिहिलेल्या वाक्यासारख्या. पुरुषाच्या शरीरात शुक्रपेशी घडत असताना तर हे पूल तोडलेच जात नाहीत. एका कुळातली सगळी भावंडं आतून जोडलेली राहतात. त्यांतल्या निम्म्यांच्या वाट्याला शेवटी एक्स गुणसूत्र येतं आणि निम्म्यांच्या वाट्याला वाय. एक्सवर रोजच्या कारभाराची शेकडो जनुकं, वाय त्या मानाने अगदीच निर्धन. कागदोपत्री हा उघड अन्याय आहे आणि आमच्या घराण्यात यावर दोन पिढ्या दावा चालला असता. इथे एक्सवाल्यांच्या घरी जे शिजतं ते पुलावरून वायवाल्यांकडे जात राहतं, मागावं न लागता. पूल तुटतात ते प्रत्येकाला तारककेंद्रापासून निघालेली शेपूट फुटून वाढ पुरी झाल्यावर. मग कोट्यवधी भाऊ एकाच शर्यतीत सुटतात, आणि कोण कुणाच्या पुलावरून आलेल्या शिध्यावर वाढला होता याचा विषय कुणी काढत नाही.